पत्रिकेमागचा नकाशा

“कुनाचं नाव नको, त्ये आधी सांगा.”

लग्नपत्रिकेमागचा नकाशा काढायला बसले, की पेंटरांचा पहिला प्रश्न हाच.

आष्ट्यात माझा छोटा छापखाना आहे. कार्यालयाकडं जायची वाट दाखवणारा तो इवलासा नकाशा तुम्हीही पाहिला असेल. आमच्याकडचे सगळे पेंटरांच्या हातचे. रस्ते सरकारचे, पण खुणा गिऱ्हाइकाच्या. कुणाला भावाचा बंगला नको, कुणाला विरोधी गटाची दूध डेअरी. एकानं तर भलत्याच रस्त्यावरचा, आपल्या पुढाऱ्याचा पेट्रोल पंप मागितला. पेंटरांनी तोही कोपऱ्यात बसवला. “वऱ्हाड पोचल्याशी मतलब,” म्हणाले.

पण कार्यालयाच्या वळणावर त्यांच्या लेकीचं दुकान होतं, सुनीता किराणा. तिनं दुसऱ्या जातीत लग्न केलं, तेव्हापासून बापानं बोलणं टाकलेलं. नकाशात त्या जागी ते विजेचा खांब काढत. मी विषय काढला, तर म्हणत, “खांब हाय की तितं. खोटं काय काढलंय?” मला त्यांचा राग यायचा आणि कीवही.

मग रस्ता रुंद झाला आणि खांब गेला. वळणावर खूण म्हणून उरलं ते दुकानच. त्याच आठवड्यात त्यांच्या भावकीतलं एक लग्न आलं. पेंटरांनी आधी सगळे रस्ते काढले, कार्यालय काढलं, वळण शेवटी ठेवलं. मग त्यांनी लिहिलं, ‘सुनीता किराणा’.

“आवं, ह्ये नाव नको,” नवरीचा बाप म्हणाला. “आपल्या लोकांत पत्रिका जानार.”

“मग दुसऱ्याकडनं काढून घ्या. माजी लेक हाय ती. तितंच ऱ्हाती.”

तो चडफडला, पण तिथी तोंडावर आली होती. पत्रिका तशाच छापल्या.

चार दिवसांनी सुनीता पत्रिका घेऊन छापखान्यात आली. “काका, दादांनी सोताहून लिवलं, का कुनी सांगितलं?”

“स्वतःहून. नको म्हणणाऱ्याला गप्प बसवून.”

तिनं पदरानं डोळे पुसले. “मग त्यास्नी म्हनावं, घरी या.”

पेंटर गेले ते तिकडचेच झाले. माझ्याकडं कधीमधीच येत. गूळ तोलताना दादा सगळ्यांना जास्त घालतात, अशी लेकीची तक्रार असे. ती सांगताना तिचा चेहरा बघण्यासारखा असायचा.

आता पेंटर नाहीत. नकाशाही कुणी काढून घेत नाही, फोनवर लोकेशन येतं. फोनवरच्या नकाशात त्या वळणावर सुनीतानं टाकलेला दुकानाचा फोटो आहे. परवा दुकानाला नवं शटर आणि नवा रंग झाला. मी म्हटलं, “फोटो बदल गं. दुकान ओळखू येत नाही.”

“ऱ्हाऊ द्या, काका,” ती म्हणाली. “दादा बसल्यात त्यात.”