झेल घेतल्यानंतर

मुलगी नववीत असताना तिने जाहीर केलं की तिला अमेरिकन फुटबॉलमध्ये वाइड रिसीव्हर व्हायचंय. म्हणजे मैदानाच्या कडेला उभं राहायचं, खेळ सुरू झाला की सुसाट सुटायचं आणि लांबून फेकलेला चेंडू झेलायचा. शाळेत मुलींचा संघ निघणार होता. त्यात अंगावर आदळायचं नसतं, कमरेची पट्टी खेचली की अडवलं. रिसीव्हरची एकच जागा उरली होती आणि निवड महिन्याभरावर आली होती.

"झेलायचंच ना? मग मी आहे की," मी म्हणालो. कॉलेजात क्रिकेट खेळताना मी स्लिपला उभा राहायचो. ज्याला पळायचा कंटाळा त्याला आमचा कॅप्टन तिथे उभा करायचा, हे मी घरात कधी सांगितलेलं नाही.

दर शुक्रवारी ऊन चढायच्या आत आम्ही आखाती देशातल्या आमच्या बनेद अल-गारच्या घरातून चालत समुद्राकाठी जायचो. चेंडू दोन्ही टोकांना निमुळता. माझ्या हातून सुटला की कोलांट्या खात कुठेही जायचा. बायको थर्मास घेऊन बाकावर बसायची. ती रत्नागिरीची.

"अहो, चेंडू फेकताय की समुद्राला नारळ वाहताय?"

फेकणं सोडा, झेल मात्र मी मन लावून शिकवले. हात सैल, नजर चेंडूवर, चेंडू पोटाशी घ्यायचा. आणि मग आपल्याकडच्या रीतीप्रमाणे तो झोकात वर उडवायचा.

"झेल घेतला की आपलं काम संपलं," मी सांगायचो.

"बाबा, आय नो," म्हणत ती चेंडू वर उडवायची.

निवडीच्या दिवशी मी ऑफिसातून लवकर निघालो. कोच अमेरिकन होता. तरुणपणी व्यावसायिक संघात रिसीव्हर होता, आता शाळेत खेळ शिकवायचा. त्याने फेकलेला पहिलाच चेंडू पोरीने धावता धावता खांद्यावरून असा अलगद घेतला की टाळ्या पडल्या. मग ती थांबली. चेंडू वर उडवला. मागून आलेल्या मुलीने शांतपणे तिची पट्टी खेचली. चेंडू घेऊन जिच्यापलीकडे पळायचं ती शेवटची रेघ पाच पावलांवर होती.

"का थांबलीस?" कोचने विचारलं.

तिने फक्त माझ्याकडे बघितलं. मग सगळ्यांनीच बघितलं.

पाणी प्यायच्या सुट्टीत मी कोचला गाठलं. "सर, चूक माझी. आमच्या क्रिकेटमध्ये झेल घेतला की समोरचा बाद. थांबायला मीच शिकवलंय तिला."

तो हसेल असं वाटलं होतं. हसला नाही. म्हणाला, "मी तीनच वर्षं खेळलो. सरावात एक चेंडू सुटायचा नाही. सामन्यात मात्र चेंडू हातात यायच्या आत माझी नजर वळायची, अंगावर कोण येतंय बघायला. चेंडू निसटायचा. कुणी मला चूक दाखवली नाही. तिसऱ्या वर्षी करार पुढे वाढवला नाही, तेव्हा कारण कळलं. हिला आजच कळलं. आणखी एक चेंडू देतो."

दुसरा चेंडूही तिने घेतला. हात सवयीने वर निघाले. तेवढ्यात तिने चेंडू काखेत दाबला आणि जी सुटली ती रेघ ओलांडून थेट कुंपणापाशीच थांबली.

यादीत तिचं नाव लागलं. राखीव म्हणून, पण लागलं.

पुढच्या शुक्रवारी समुद्राकाठी ती म्हणाली, "बाबा, आज मी फेकते. तू पळ."

तिसऱ्या खेपेला एक चेंडू माझ्या पोटावर आदळला आणि हातांत राहिला. मी ऐटीत उभा राहिलो.

"अहो, उभे काय राहताय? पळा की!" बाकावरून आवाज आला.

पळालो. थर्मासपर्यंत.