रांगोळी झाली म्हणजे बाई उठल्या

आमच्याकडे माणूस धड आहे की नाही, हे रांगोळीवरून ठरतं. हसू नका. अंबडच्या पुढे आमची ही ज्येष्ठांची वसाहत आहे. एकेकाला एकेक खोली आणि सगळ्या खोल्यांपुढून एक लांब व्हरांडा. मी यायच्या आधी एक गृहस्थ खोलीतच गेले आणि दुपारपर्यंत कुणाला पत्ता नव्हता. त्या धसक्याने रहिवाशांनीच पद्धत पाडली, की सकाळी उठलं की दारात चिमूटभर रांगोळी टाकायची. चहाच्या आधी एकजण व्हरांड्यातून चक्कर मारतो. ज्याच्या दारात रांगोळी नाही, त्याचं दार वाजवतो. पुरुषसुद्धा काढतात बरं का. माझ्या शेजारचे निवृत्त बँकवाले छापा ठेवून लक्ष्मीची पावलं उमटवतात, तीही नेमकी बाहेर जाणारी. सांगून सांगून मी दमले.

गेल्या वर्षी माझा उजवा हात थरथरायला लागला. कप धरता यायचा, पण रांगोळीची रेघ म्हणाल तर नुसता चिखल व्हायचा. मला रांगोळीचं काही पडलं नव्हतं, भीती होती ती मागच्या इमारतीची. ज्याला स्वतःचं स्वतः उरकत नाही, त्याला तिकडे हलवतात. तिथे चोवीस तास मावश्या असतात, पलंगांना कठडे असतात, आणि दाराला आतून कडी नसते. तिकडून परत पुढे राहायला आलेला माणूस मी तरी पाहिलेला नाही. आयुष्यभर टेलिफोनच्या एक्स्चेंजमध्ये नोकरी केली, माझ्या आवाजाला साहेबलोक दचकायचे, आणि आता कुणीतरी मला चमच्याने भरवणार? छे.

माझ्या पलीकडच्या खोलीत माझी मैत्रीण राहते. नामपूरकडची शेतकरीण, कांद्याच्या खळ्यात जन्म गेलेला. कानाला कमी ऐकू येतं, पण माझं अवघडलेपण तिने सगळ्यांच्या आधी हेरलं. म्हणाली, पहाटे उठून माझी काढतेच, तुझीही काढत जाईन, कुणाच्या बापाला कळणार नाही. मी एकच अट घातली. माझ्या खिडकीत दिवा दिसल्याशिवाय रांगोळीला हात लावायचा नाही. दिवा दिसला म्हणजे मी उठले. केवढी अक्कल चालवली, असं आम्हा दोघींना वाटलं.

त्या सकाळी मी उठले, दिवा लावला आणि बाथरूमकडे निघाले. पाय कशात अडकला, अडकला की नुसताच लटपटला, देव जाणे. धाडकन पडले ती दाराजवळ. कमरेतून अशी कळ गेली की डोळ्यांपुढे अंधारी आली. आमच्याकडे मदतीची बेल पलंगाशी असते आणि बाथरूममध्ये असते. मी पडले ती बरोबर दोन्हींच्या मधे. मोबाइल टेबलावर चार्जिंगला. हलायला जावं तर जीव जातोय असं वाटायचं.

तेवढ्यात बाहेर केरसुणीचा आवाज आला. काय सांगू तुम्हाला, मला रडूच फुटलं. आली गं बाई माझी, म्हटलं. मग मांडी घालून बसताना ती नेहमी कण्हते तशी कण्हली. आमच्या मधे फक्त ते दार होतं. मी तिला हाक मारली. मग ओरडले. होता नव्हता तेवढा जीव गोळा करून ओरडले. आणि ती बाहेर आपली कसलीशी ओवी गुणगुणत रांगोळी काढत होती.

कानातलं मशीन ती रात्री काढून ठेवते आणि आंघोळ झाल्यावरच घालते. मला हे माहीत होतं. पण आठवलं ते त्या क्षणी. तिने हात झटकले, डबा उचलला आणि गेली. मी दाराकडे बघत राहिले. माझा विश्वासच बसेना.

पुढचं त्याहून भयंकर. घसा बसला होता, तोंडून नुसती हवा यायची. व्हरांड्यात पावलं वाजली, दारापाशी थांबली. त्या दिवशी चकरेची पाळी बँकवाल्यांची होती. ते कुणाला तरी म्हणाले, "ह्यांची झाली. आज कमळ काढलंय, मूडमध्ये दिसतात बाई." आणि पुढे गेले. माझ्या दारातल्या कमळाचं कौतुक मी फरशीवर गाल टेकून ऐकलं. मी मरत होते आणि बाहेर मी मूडमध्ये होते. असा संताप आला, की वेदनासुद्धा काही वेळ विसरले.

नाश्त्याला मी आले नाही, पोहे गार झाले, म्हणून मला झापायला शेवटी मैत्रीणच आली. खिडकीतून वाकून बघितलं आणि तिने जी किंकाळी फोडली, ती फाटकापर्यंत गेली म्हणे. दार तोडलं. रुग्णवाहिका द्वारका चौकाच्या गर्दीत अडकली. तेवढा वेळ ती माझं डोकं मांडीवर घेऊन बसली होती आणि तिच्या भाषेत एकच विचारत होती, "तुले बरं शे ना? बरं शे ना?"

खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, आणि दवाखान्यातून मला थेट मागच्या इमारतीत आणलं. माझी खोली आता दुसऱ्या कुणाची आहे. कठड्याचा पलंग, दाराला कडी नाही, सगळं जसं भ्यायले होते तसंच. राग येतो. कुणावर काढायचा ते कळत नाही, म्हणून मावश्यांवर काढते.

मैत्रीण रोज येते. मशीन घालून येते, आता झोपतानाही काढत नाही म्हणते. महिनाभर त्या सकाळबद्दल एक अक्षर बोलली नाही. परवा मोसंबं सोलता सोलता हात थांबवून तिने विचारलं, "खरं सांग. मी दारात बसले होते तेव्हा तू मला हाक मारली होतीस का?"

मी जन्मात कुणाची भीड ठेवलेली नाही, तोंडावर बोलणारी बाई म्हणून बदनाम आहे. तिचा चेहरा बघितला आणि म्हटलं, "नाही गं. मी बेशुद्धच होते."

तिने केवढा तरी श्वास सोडला. पदराने डोळे पुसले आणि मोसंब्याची फोड माझ्या हातावर ठेवली.

"मला वाटलंच," ती म्हणाली. "तुझी हाक मला ऐकू आली नसती, असं झालंच नसतं."