इस्त्री झालेला मासा

माझी नणंद प्रोग्रॅमर आहे. ऑफिसात ती दवाखान्यांच्या अपॉइंटमेंटचं सॉफ्टवेअर बघते, पण तिचा खरा जीव बिनकामाच्या प्रोग्रॅममध्ये. एकदा तिने घड्याळ बनवलं, ते वेळ सांगायचंच नाही. दुसऱ्यांदा विचारलं की "मघाशीच विचारलंस ना?" म्हणून खेकसायचं.

मागच्या महिन्यात तिने मासा केला. अक्षरं, कंस, स्वल्पविराम असे बेतानं मांडले की कोडच कल्ले-शेपटीसकट मासा दिसावा. तो चालवला की स्वतःचाच मजकूर पुन्हा छापायचा, फक्त माशाचं तोंड उलट्या दिशेला. तो छापलेला चालवला की परत इकडे.

"आणि याचा उपयोग?" मी मटार सोलता सोलता विचारलं.

"वहिनी, शीळ घालण्याचा काय उपयोग असतो गं?"

मासा होता ऑफिसातल्या काकांसाठी. हिला काम शिकवलं त्यांनी, आणि आता ते निवृत्त होणार होते. कोडमधली एक ओळ वाकडी खपायची नाही, म्हणून पाठीमागे सगळे त्यांना 'इस्त्री' म्हणायचे. हिच्या कामावर त्यांचा शेरा कायम एकच, "चालेल." जाण्याआधी त्यांच्याकडून एकदा तरी कौतुक वसूल करायचं, या हट्टाला ही पेटली होती.

निरोपाच्या आदल्या संध्याकाळी तिने मासा ऑफिसच्या सामाइक कोडमध्ये ठेवला आणि काकांना मेसेज टाकला, सकाळी ही फाइल बघा. सकाळी ही पोचते तर काका फाइल उघडून बसलेले. हिने मागून डोकावलं. मासा गायब! नुसत्या सरळसोट ओळी, कवायतीला उभ्या केल्यासारख्या.

तिथल्या सगळ्या फाइली रोज रात्री आपोआप नीटनेटक्या होतात. जादा मोकळ्या जागा काढून ओळी सरळ करणारा एक प्रोग्रॅमच बसवलाय. लिहिलाय कोणी? काकांनीच! ही नेमकं तेच विसरली.

"हे काय आहे गं?"

"मासा होता, काका. तुमच्या प्रोग्रॅमनं लाटून टाकला."

काका पडद्यावर बोट ठेवून वाचत राहिले. "जागाच गेल्यात ना? अक्षरं तर आहेत सगळी." आणि त्यांनी ती फाइल चालवली.

मासा काढायची रीत अक्षरांतच होती. शेपटी उडवत अख्खा मासा पडद्यावर उमटला. काकांनी तो चालवला, तोंड फिरलं. पुन्हा चालवला. पुन्हा!

"अगं, हा डोळा कुठून आणलास? इथे तर कंस बंद व्हायला हवा!"

ही समजावत बसली, ते खोदून खोदून विचारत बसले. तिकडे निरोपाचा केक उत्सवमूर्तीविनाच कापला गेला.

उठण्याआधी काकांनी मासा पूर्ववत करून फाइलीत ठेवला. मग स्वतःचा प्रोग्रॅम उघडून त्यातून ही फाइल वगळली, आणि शेजारी शेरा लिहिला: 'सुंदर आहे. हात लावू नये.'

हे सगळं ती दारातच, चपला न काढता सांगत होती.

"पण तोंडानं काही बोलले की नाही?" मी विचारलं.

"वहिनी, लेखी दिलंय लेखी!"