परीक्षकाच्या मापाचं खोगीर

माझी मुलगी मोनिका घोडा सांभाळते. ती काय करते असं कुणी विचारलं, की मी "एका तबेल्यात आहे" एवढंच सांगते आणि पुढचा प्रश्न यायच्या आत चहा टाकायला उठते. तिच्या बरोबरच्या मुली बँकेत लागल्या, दोघीतिघी पुण्याला कंपनीत आहेत. ही बी.एस्सी. होऊन भिंगारच्या पुढच्या एका खाजगी तबेल्यात पहाटे जाते आणि कपड्यांना लिदीचा वास घेऊन परत येते.

हे सगळं सोनईला सुरू झालं, माझ्या दिराच्या लग्नात. नवरदेव घोडीवरून उतरला आणि पाच वर्षांच्या मोनिकानं घोडीच्या पुढच्या पायाला मिठी मारली. मी किंचाळले. घोडीवाला म्हणाला, "असू द्या वहिनी, ती न्हाई मारायची पोरीला." सगळे हसले. पोरगी पायाला, आणि घोडी तशीच उभी, एक खूरही न हलवता.

तबेल्यात तिच्या वाट्याला सुभेदार आला. शर्यतीतून काढून टाकलेला तांबूस घोडा. माणूस जवळ आलं की भिंतीला चिकटून थरथरायचा. चार वर्षांत मोनिकानं त्याला माणसात आणला. त्याच सुभेदारनं गेल्या वर्षी कुत्रं आडवं आलं म्हणून उडी घेतली आणि तिला पाडलं. कंबरेच्या मणक्याला चीर गेली. महिनाभर मी तिला कुशीवर वळवत होते आणि ती मला विचारत होती, "सुभेदारला कुणी फिरवलं का गं?"

घोड्याचे मालक करणशेठ पुण्याला राहतात. यंदा त्यांनी तिला स्पष्ट सांगितलं, "पुण्याच्या शोमध्ये बक्षिसाची फीत मिळाली तर ठेवू. नाहीतर विकून टाकू." तेव्हापासून तिला दुसरं काही सुचेना.

हा शो उड्यांचा किंवा वेगाचा नव्हता, 'हंटर' घोड्यांचा होता. हंटर म्हणजे पूर्वी रानोमाळ शिकारीला नेत तसला घोडा. त्याची बांधणी बघतात, चाल बघतात, तो किती शांत आहे ते बघतात. हे मला तिनंच समजावलं, तेही खोगीर निवडताना.

तिचं नेहमीचं खोगीर खोलगट आहे. पुढून मागून उंच, गुडघ्याला टेकू असलेलं. ती त्यात बसली की मला जरा श्वास घेता येतो. पण त्या दिवशी तबेल्यात तिनं सुभेदारच्या पाठीवर वेगळंच काहीतरी ठेवलं होतं. सपाट, लांबट, करणशेठच्या सामानातलं जुनं.

"हे काय? खोगीर आहे का पाट?"

"आई, खोलगट खोगिराची कड पुढं येते, त्याचा खांदा झाकला जातो. खांदा तर त्याचा बघण्यासारखा आहे. हे बघ." ती चार पावलं मागं गेली. खोगिराची कड सरळ खाली उतरत होती आणि घोडा खरंच लांब, डौलदार दिसत होता. मला ते दिसलं, याचाच राग आला.

"आणि तुझी कंबर?"

"ती परीक्षक बघत नाहीत."

"अगं, पण तुला केवढं मोठं होतंय हे!"

"परीक्षक स्वतः बसून बघतात. उंच माणूस असला तर अडकायला नको त्यात."

"म्हणजे कुठल्यातरी परक्या बाप्याच्या बुडाच्या मापाचं खोगीर घ्यायचं आणि पडायचं माझ्या पोरीनं?"

"मला बघायला येतात तेव्हा चहात साखर कुणाच्या मापानं घालतेस?" ती हसत म्हणाली. "तसंच हे."

मग मला जवळ आलेली खंडेनवमी आठवली. आमच्या घरी त्या दिवशी विळीपासून शिलाई मशीनपर्यंत सगळं पूजेला मांडतात. मोनिकानं दोन्ही खोगिरं घरी आणली होती; मी फक्त खोलगट पाटावर ठेवलं आणि सासूबाईंच्या कानाशी लागले. छबूबाई त्यांचं नाव, ऐंशीच्या पुढच्या, पण चाणाक्ष. म्हणाल्या, "माझ्या तोंडानं वदवतीस व्हय गं माधुरी? बरं, सांगते."

मोनिका आली तशा त्या म्हणाल्या, "पोरी, हळदकुंकू लागलंय त्याच्यावरच बसायचं. दुसऱ्यावर बसशील तर देव कोपंल."

मोनिकानं माझ्याकडं पाहिलं. गॅलरीतून सपाट खोगीर उचलून आणलं, देवापुढच्या वाटीतलं कुंकू चिमटीत घेऊन त्याच्या पुढच्या शिवणीवर लावलं आणि आजीला विचारलं, "आता?"

सासूबाई तोंडावर पदर धरून हसत सुटल्या. "आता काय! आता देवबी तुज्याच बाजूचा हाय."

शोच्या दिवशी मी दोरीला धरून उभी होते. पलीकडच्या वळणावर कापडी फलक फडफडला आणि सुभेदार बिचकला. त्या सपाट खोगिरावरून मोनिका एका बाजूला घसरली, मला तिच्या बुटाचा तळ दिसला. तिनं मूठभर आयाळ धरली, सावरली आणि त्याच्या मानेवर हात ठेवून पुढं गेली.

मग परीक्षक बसले. सैन्यातून निवृत्त झालेले, चांगले उंच. पाय ठेवायच्या रिकिबी लांब करून ते खोगिरात असे बसले, जणू ते त्यांच्यासाठीच शिवलं होतं. सुभेदार त्यांना भरली कळशी न्यावी तसा घेऊन गेला, न हिंदकळता. बाकीच्या घोड्यांवर ते एक फेरी बसले होते. याच्यावरून उतरेचनात.

दुसऱ्या क्रमांकाची फीत मिळाली. मोनिकानं घोड्याच्या गळ्यात तोंड खुपसलं. मीही रडत होते. तेवढ्यात करणशेठ आले.

"मोनिका, कमाल केलीस. परीक्षक साहेबांनाच घोडा हवाय, त्यांच्या फार्मवर. शनिवारी गाडी येईल."

"तुम्ही ठेवणार म्हणाला होतात."

"म्हणालो होतो गं. पण असा माणूस पुन्हा मागायला येतो का? आणि हो, त्यांना हे खोगीरही हवंय. तुझी निवड फार आवडली त्यांना."

ती "बरं" म्हणाली. मी करणशेठना काहीतरी सुनावायला हवं होतं.

गेलं वर्षभर मी देवाकडं मागत होते, ही त्या घोड्यावरून एकदाची उतरू दे. उतरली. घरी आल्यावर ती मला म्हणाली, "आई, आता तुला झोप लागेल." टोमणा नव्हता तो. खरंच तिला तसं वाटत होतं.

मग तिनं एक मऊ जुनं लुगडं मागितलं. खोगीर स्वच्छ करून द्यायचं होतं. मी शेजारी बसून नुसती बघत राहिले. शिवणीत कुंकू तसंच होतं.

"तिथं राहिलंय बघ," मी म्हटलं.

"राहू दे."

खोगीर पुसता पुसता तिनं विचारलं, "शनिवारी येशील माझ्याबरोबर? गाडीत चढताना तो घाबरतो."

मी येते म्हटलं. त्या घोड्याला मी आजवर हातही लावलेला नाही. तो भिंतीला चिकटला आणि ही त्याला गाडीकडं ओढू लागली, तर मी कुणाला धरायचं?