अर्धी फळी

रविवारी दुपारी जावयाने परसातलं कुंपण रंगवून पुरं केलं आणि सासऱ्याने अंथरूण धरलं.

जावयामुळे सासऱ्याने अंथरूण धरावं अशी कारणं जगात पुष्कळ आहेत. पण सुट्टीच्या दिवशी, कुणी न सांगता, घाम गाळून कुंपण रंगवणं हे त्यांत बसत नाही. जावयाची अपेक्षा शाबासकीची होती. ब्रश डब्यावर आडवा ठेवून, कमरेवर हात देऊन तो म्हणाला, "बघा अप्पा, झालं एकदाचं."

अप्पांनी कुंपण या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं. हिरव्या रंगातून एकही फळी सुटली नव्हती.

"सगळं?"

"सगळं. दोन हात दिलेत."

अप्पांचा चेहरा पांढराफटक पडला. ते आत गेले, भिंतीकडे तोंड करून निजले आणि जेवायलाही उठले नाहीत.

अप्पा म्हणजे साधा माणूस नव्हे. आयुष्यभर त्यांनी एका साप्ताहिकात क्रमशः कादंबऱ्या लिहिल्या. त्यांच्या नायिका दर आठवड्याला कड्यावरून लोंबकळायच्या आणि पुढच्या गुरुवारपर्यंत बिचाऱ्या तशाच लोंबकळत राहायच्या. मग साप्ताहिक बंद पडलं, त्याच सुमाराला बायको गेली आणि एकुलत्या एका मुलीने त्यांना आपल्याकडे परदेशात आणलं. सुरुवातीचे काही महिने ते बैठकीच्या खोलीत, कुणीतरी विसरून गेलेल्या बॅगेसारखे बसून होते. ना ओळख, ना भाषा, ना लिहायला अंक. हळूहळू त्यांनी आपला दिवस उभा केला. सकाळी खिडकीत चहा. मग बुटांना पॉलिश. मग कोपऱ्यावरच्या थांब्यापर्यंत चालत जायचं. मुलगी शहरबस चालवायची. तिची बस तिथून वळली की अप्पा हात वर करायचे, ती दिव्यांची उघडझाप करायची आणि बसमधले लोक या म्हाताऱ्याला बसमध्ये कसं घेतलं नाही म्हणून कळवळायचे. मग परत येऊन कुंपणाची रंगरंगोटी.

दिनक्रम झकास होता. फक्त त्यातलं काहीच पुरं होत नव्हतं.

चहा अर्धा प्यायलेला. बूट एकच चकाकणारा, दुसरा तसाच धुळकट. मासिकातली गोष्ट मध्यावर उघडी पडून पालथी. आणि कुंपणावर रोज कालची फळी पुरी करून पुढची अर्धी रंगायची. नेमकी अर्धी. तिथे ब्रश थांबायचा, धुऊन खोपटात जायचा आणि अप्पा वामकुक्षीला.

जावयाचा धंदा होता इमारती आगीपासून किती सुरक्षित आहेत ते तपासण्याचा. दिवसभर तो लोकांच्या कचेऱ्यांत आणि गोदामांत धोका हुंगत फिरायचा. आग आधी कधी दिसत नाही, हे त्याला धंद्याने शिकवलं होतं. आधी दिसतात त्या अर्धवट गोष्टी. अर्धं उघडं दार, अर्धी सोललेली वायर, अर्धवट बसवलेलं झाकण. असल्या माणसाच्या घरात सासऱ्याने हे मांडून ठेवलं, तर त्याने काय समजावं? त्याने समजायचं तेच समजलं. म्हातारा विसरायला लागला. आज चहा पिताना विसरतो, उद्या गॅस पेटवून विसरेल.

संध्याकाळी घरात पाऊल टाकलं की तो आधी स्वयंपाकघरात जाऊन नाक वर करायचा. बायकोला वाटायचं भूक लागली असेल. तिला काही न सांगता त्याने गाडीत बसून एका निगराणी केंद्रात फोन करून ठेवला होता. विसरभोळ्या म्हाताऱ्यांना तिथे सांभाळत. जागा रिकामी झाली की कळवू, ते म्हणाले. आणि कुंपण? ते तर उघड्यावर, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसणारं. बायकोच्या लक्षात यायच्या आत झाकून टाकावं, म्हणून त्याने रविवारी रंगाचा हात मारला होता.

सोमवारी बायको ड्युटीवरून आली, ती परसात जाऊन तशीच माघारी फिरली.

"कुंपण तू संपवलंस?"

"हो. छान दिसतंय ना?"

"अरे, अप्पांचं अर्धं कुणी पुरं करत नाही." ती खुर्चीत बसली. "ते लिहितानाही वाक्य मधेच सोडून उठायचे. उद्या कुठून धरायचं ते आज ठरलेलं असलं की माणूस उद्या उठतो, म्हणायचे. साप्ताहिक बंद होणार म्हणून एकदाच शेवटापर्यंत लिहून काढलं, समाप्त लिहून सही केली. त्याच आठवड्यात आई गेली. तेव्हापासून त्यांनी एक काम तडीला नेलेलं नाही."

"आणि हे तू मला कधीच सांगितलं नाहीस."

"यात काय सांगायचं? तुझे बाबा घोरतात, हे लग्नाआधी सांगितलं होतंस तू मला?"

जावयाच्या छातीवरचं ओझं हललं खरं, पण उतरलं नाही. हे खरंच ठरवून सोडणं, की विसरणाऱ्या माणसाला मुलीने दिलेलं प्रेमाचं पांघरूण? आणि ठरवून असलं, तर मग आपण रविवारी केलं काय? अप्पा भिंतीकडे तोंड करून पडले होते. त्यांच्या श्वासाचा आवाज येतोय का, हे बघायला तो दारात उभा राहायचा आणि आवाज आला की चोरासारखा परत फिरायचा.

भरपाई करायचा त्याने प्रयत्न केला. अर्धा कप चहा नेऊन दिला.

अप्पांनी कपात डोकावून पाहिलं. "हे तुमचं अर्धं आहे, जावईबापू. माझं नव्हे."

मग तो परसात गेला आणि एका फळीचा रंग अर्ध्यापर्यंत खरवडून आला. अप्पा खिडकीतून बघत होते. त्यांनी पडदा सारला.

बुधवारी केंद्रातून फोन आला, तेव्हा जावई स्वयंपाकघरात होता. जागा झाली होती. तो दबक्या आवाजात बोलत होता, "हो, सासरेच. एकटे असतात दिवसभर. विसरतात, म्हणजे, अर्धवट सोडतात. उद्या संध्याकाळपर्यंत नक्की सांगतो." फोन ठेवून वळला, तर दारात अप्पा. हातात पाण्याचा पेला.

अप्पांनी पेला तोंडाला लावला आणि सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत पाणी प्यायले. रिकामा पेला ओट्यावर उपडा ठेवला आणि आपल्या खोलीत निघून गेले. जावई उपड्या पेल्याकडे बघत राहिला. इतक्या दिवसांत या माणसाने काही संपवलेलं त्याने पाहिलं नव्हतं.

गुरुवारी त्याचं कामात लक्ष लागेना. एका गोदामात तो आग लागली तर बाहेर पडायचं दार अडवून उभा राहिला, तेव्हा तिथल्या रखवालदारानेच त्याला बाजूला व्हायला सांगितलं. दुपारीच तो घरी आला.

घर शांत होतं. खिडकीत चहाचा कप नव्हता. तो ओट्यावर होता, धुतलेला, पुसलेला, कोरडा. मासिक मिटून गठ्ठ्यावर ठेवलेलं. खोलीत पलंगावरची चादर ताणून बसवलेली, वाचायचा चष्मा घडी करून उशीशेजारी. आणि पलंगाखाली बुटांची जोडी. दोन्ही चकाकत होते.

अप्पा नव्हते.

अर्ध्या गोष्टींनी आजवर त्याची झोप उडवली होती. आता या पुऱ्या झालेल्या गोष्टी त्याला बघवेनात. त्याने न्हाणीघराचं दार ढकललं. कपाट उघडलं, मग कपाटात सासरा कशाला असेल म्हणून स्वतःलाच शिवी घातली आणि दुसरं कपाटही उघडलं. थांब्यापर्यंत पळत गेला. थांबा रिकामा. बायकोला फोन लावला. ती गाडी चालवताना फोन उचलत नसे. घंटी वाजत राहिली आणि त्याला वाटलं, आता तिला सांगायचं तरी काय. तुझ्या बापाने चहा संपवला?

धापा टाकत तो परसात आला. खोपटाचं दार उघडं होतं. रंगाचा डबा जागेवर नव्हता. त्याने सवयीने नाक वर केलं. ओल्या रंगाचा वास.

तो कान देऊन उभा राहिला. कुंपणाच्या पलीकडून बारीक, खरखरीत आवाज येत होता. वर, खाली. वर, खाली.

त्याने बादली उपडी घातली, तिच्यावर चढला आणि कुंपणावरून पलीकडे मान काढली. शेजारणीच्या अंगणात, तिच्या स्टुलावर, सपाता घालून अप्पा बसले होते आणि कुंपणाची पलीकडची बाजू रंगवत होते. शेजारीण पायरीवर बसून वाटाणे सोलत होती. दोघांना एकमेकांचं अक्षरही कळत नव्हतं, त्यामुळे त्यांचं उत्तम जमलेलं दिसत होतं.

"अप्पा."

"खाली उतरा. बादली घसरेल."

"घरातलं सगळं आवरून ठेवलंत. कप, बूट. मी आलो आणि मला वाटलं, तुम्ही..." अप्पांनी वाक्य पुरं करून दिलं नाही.

ब्रश डब्यात बुडवून ते म्हणाले, "तुम्हाला अर्धं बघवत नाही ना. तुमच्या घरात आता सगळं पुरं सापडेल. सांगा त्या फोनवाल्यांना, म्हातारा नीट आवरतो म्हणून. माझं अर्धं मी इकडे आणलंय."

रंगवलेल्याच जागेवर त्यांचा ब्रश पुन्हा पुन्हा फिरत होता. जावयाला ते आत्ता दिसलं.

"अप्पा, तुम्हाला भीती वाटत होती?"

"रोज वाटते. रविवारी तर डोळा लागायचीच वाटली. उद्याचं काही ठेवलंच नव्हतंत तुम्ही."

जावई बादलीवरच उभा राहिला. खिशातून फोन काढून त्याने केंद्राला कळवलं की जागा नको, दुसऱ्या कुणाला द्या. आवाज त्याने या वेळी दबका ठेवला नाही. अप्पांनी मान वर केली नाही, पण ब्रश क्षणभर थांबला आणि परत चालू झाला.

फळीच्या बरोबर मध्यावर येऊन अप्पांनी ब्रश डब्याच्या काठावर निपटला आणि उठले. जावयाने मान लांब करून पाहिलं. शेजारणीचं कुंपण घराला वळसा घालून, भाजीच्या वाफ्यांच्या कडेने, पार मागच्या गल्लीपर्यंत गेलं होतं. सगळं कोरडं लाकूड.

"अप्पा, हे एवढं संपायचं कधी?"

"तुम्हाला कसली घाई आहे?"