मंदाताईंच्या डोक्यावरचा घुमट

माझ्या मोठ्या जाऊबाई मंदाताई यांनी नणंदेच्या बाळाचं अख्खं बारसं डोक्यावर घुमट धरून पार पाडलं. घुमट मी केला होता. म्हणून आधी त्यांचे आभार, मग बाकीचं.

मी नववीतून शाळा सोडलेली. माहेर हिंगोलीकडे, सासर दिवेआगरला. (रुसून माहेरी निघालं तरी वाटेतच रुसवा संपतो, इतकं लांब.) वादळात आमच्या अंगणातल्या पोफळी गेल्या, सावलीही गेली. घरी पर्यटक उतरतात. त्यांच्यासाठी दर वेळी ताडपत्री बांधण्यात अर्धा दिवस जातो. मला कागदाच्या घड्यांचा नाद. जुन्या लग्नपत्रिकेवर त्रिकोण पाडून एक घडी वर, एक खाली अशी घातली की सपाट कागद कमानीसारखा वाकतो. अशा पाकळ्या जोडल्या की घुमट! मिटला की काखेत मावतो. ठरवलं, अंगणाएवढा करायचाच.

सासूबाई म्हणाल्या, "बारशाला उभा कर बघू. पडला तर ह्ये घड्यांचं खूळ बंद. सगळे कागद बंबात."

माणगावहून पोकळ प्लॅस्टिकच्या शीट आणल्या, जाहिरातीच्या बोर्डाला लावतात तसल्या. शीट पडली जाड. सगळ्या घड्या जिथे एकत्र येत तिथे ती वाकेचना. मी तिथे वाटीएवढी भोकं पाडली.

"सावली केलीस का चाळण?" सासूबाईंनी खालून बघून विचारलं.

पण घड्या बसल्या. मग घुमटाचे पाय बाहेर फाकायला लागले. सगळ्या पायांना वळसा घालून जमिनीलगत काथ्याची दोरी बांधली, तेव्हा कुठे तो ठाम उभा राहिला. सगळा भार त्या दोरीवर आहे हे मी कुणाला सांगितलं नाही. (कुणी विचारलंही नव्हतं.)

बारशाला बायका आत बसल्या, मधोमध पाळणा. सासूबाईंनी सगळ्यांच्या आधी आतली जागा धरली, म्हणजे खूश होत्या. मी घुगऱ्यांचं ताट घेऊन निघाले आणि मामंजी आले.

मामंजींचा जन्म नारळी-पोफळीवर चढण्यात गेलेला. त्यांच्या राज्यात दोरी जमिनीवर पडलेली चालत नाही. गुंडाळून खुंटीला लावायची. पहिल्या वर्षी मी त्यावरून इतकी बोलणी खाल्ली होती की आता हात आपोआप चालतो.

"दोरी कुणाची पडलीय गो?"

"उचलते, मामंजी," म्हणत मी ताट ठेवलं, गाठ सोडली, दोरी ओढून घेतली, गुंडाळली आणि खुंटीला लावली.

"आत्ता कशी वाडीतली सून वाटतेस," मामंजी म्हणाले.

मी इतकी सुखावले की मागे वळून बघायला उशीर झाला.

घुमट धाडकन पडला नाही. पाहुण्यानं अवघडून बसावं तसा हळूहळू बसत गेला. मंदाताई पाळणा हलवत होत्या. त्या उठल्या आणि घुमटाचा मध्य त्यांनी डोक्यावर घेतला.

"ताई, थांबा, मी..."

"तू दोरी बघ. आणि तुम्ही गो, गाणं कशाला थांबवलंत? बाळाला काय झालंय?"

मी धावत दोरी पुन्हा पायांभोवती घातली आणि जोर लावून ओढली. बटव्याची नाडी ओढावी तसं झालं. सगळ्या बायका मधे गोळा झाल्या.

आतून सासूबाईंचा आवाज आला, "आमची पुरचुंडी बांधतेस काय?"

पाळणा तशातच म्हटला. बाळाच्या कानात नाव सांगायला वाकावं लागतं. सगळ्या आधीच वाकलेल्या होत्या. बाळ झोपलेलं.

शेवटी सगळ्या बाहेर आल्या. सासूबाईंनी पदर झटकला. "पडला."

मी बंबाकडे बघितलं. मंदाताई मान चोळत होत्या. "पडला कुठे, आई? मी होते तवर उभाच होता की."

सासूबाईंनी एकदा ताईंकडे, एकदा घुमटाकडे बघितलं. "बरं. पुढल्या खेपेला मंदाशिवाय उभा करून दाखव."

म्हणजे कागद वाचले! आता रोज दुपारी घड्या घालते. ताई, शब्द देते: तुमच्या मुलीच्या लग्नात असा घुमट उभा करीन की तुम्ही त्याखाली खुर्चीत बसून मिरवाल. ती सध्या अंगणवाडीत आहे. तेवढा वेळ मला बहुधा पुरेल.