भिंगरीचे हातमोजे

भिंगरीला घरात बसलेली पाहिल्याचं छातीठोकपणे सांगणारा माणूस शोधून सापडला नसता. हे नाव तिला लहानपणी पडलं आणि साठी जवळ आली तरी सुटलं नाही. चहा उभ्यानं, जेवण ओट्याशी, फोनवर बोलतानासुद्धा दुसऱ्या हातात फडकं. तिचा नवरा जन्मभर सिनेमाच्या तिकीटखिडकीत बसलेला आणि आता निवृत्त होऊन खिडकीशेजारच्या खुर्चीत बसलेला. बसण्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. हा संसार टिकला कसा, असं शेजारीपाजारी विचारत. मला वाटतं, दोघांची टक्करच कधी झाली नसावी.

ती बसायची फक्त कपडे दुरुस्तीच्या कारखान्यात, रफूच्या टेबलाशी, कारण तिथं बसलं तरी हात पळत असत. रफू म्हणजे फाटलेल्या कापडाच्याच आतल्या शिवणीतून धागे काढायचे आणि भोकावर नवं कापड विणायचं, इतकं बेमालूम की गिऱ्हाइकानंच विचारावं, भोक होतं कुठं? रेशमावरचं असं काम करणारी तिच्या तोडीची तिथं दुसरी कोणी नव्हती, आणि हे तिला पक्कं माहीत होतं.

कारखान्याच्या दाराशी खिळ्याला गडद निळ्या रेशमाची एक चिंधी टांगलेली असे. सकाळी आत येताना प्रत्येकीनं त्या चिंधीवरून बोटं ओढायची, मालकीणबाईंच्या देखत. चिंधी गुपचूप सरकली तर रेशमाचं काम. खर्रकन वाजली तर त्या दिवशी बटणं आणि चेनी, कारण खरखरीत बोटाला रेशमाचा तंतू अडकतो आणि ओढला गेलेला तंतू पुन्हा जागेवर बसत नाही.

त्या हिवाळ्यात भिंगरीची बोटं उलली. थंडी, वय, घरातल्या भांड्यांचा साबण, सगळ्यांनी मिळून कट केल्यासारखं झालं. चिंधी वाजली. दुसऱ्या दिवशी वाजली, तिसऱ्या दिवशीही वाजली. तिच्यापुढं कोटांच्या बटणांचा ढीग आला आणि तिच्या टेबलाशी कालपरवा आलेली पोरगी रेशीम घेऊन बसली. बटणं कोणीही लावतं. रेशीम गेलं तर आपण कोण, हा प्रश्न भिंगरीच्या डोक्यात भुंग्यासारखा फिरू लागला.

तिच्या बहिणीची मुलगी औषधांच्या दुकानात कामाला होती. तिनं हात उलटेसुलटे करून पाहिले आणि व्हिटॅमिन ईच्या कॅप्सूल काढून दिल्या.

"मावशी, ह्या गिळायच्या नाहीत. टोक टोचून आतलं तेल लावायचं. कोरडी कातडी मऊ होते, ओलावा आत टिकतो. सुरकुत्या जातात, डाग जातात असंही लोक सांगतात, त्यावर जाऊ नकोस. आधी कोपराच्या आत जरासं लावून बघ, खाज आली तर बंद. रक्त येत असेल त्या भेगेवर नको. संध्याकाळी हात धुवायचे, ओलसर असतानाच थेंबभर चोळायचं, वर सुती हातमोजे."

"एवढंच ना?"

"एवढंच नाही. त्यानंतर हातांनी काहीही करायचं नाही. बसायचं. तुला सांगतेय मी, बसायचं!"

कोपराला खाज आली नाही, तेलही लागलं, हातमोजेही चढले. पण बसणं काही जमेना. नवरा पेपर वाचत होता. भिंतीवरचं घड्याळ मुद्दाम हळू चालल्यासारखं वाटत होतं. भिंगरी उठली, पडद्याची सुरकुती सरळ केली, पुन्हा बसली, पुन्हा उठली. शेवटी "हे काय नसतं झेंगट!" म्हणत तिनं हातमोजे भिरकावले आणि भांडी घासायला घेतली. तेल साबणाबरोबर मोरीत गेलं. रोज हाच खेळ. आठवडा उलटला तरी चिंधी वाजायची थांबेना.

मग तिला सुचू नये ते सुचलं. सकाळी कारखान्याच्या कोपऱ्यावर उभं राहून तिनं एक कॅप्सूल टोचली, तेल बोटांना चोळलं आणि वरवर पुसून आत गेली. चिंधी लोण्यासारखी सरकली. गडद निळ्या रंगावर तेल दिसलंही नाही.

"वा बाई, आलात परत!" मालकीणबाई म्हणाल्या आणि त्यांनी तिच्यापुढं एक शाल ठेवली. सायीच्या रंगाचं रेशीम, कसरीनं खाल्लेलं भोक आणि गिऱ्हाइकाच्या आईची आठवण.

भिंगरीला स्वर्ग दोन बोटं उरला. तिनं आतल्या शिवणीतून धागे काढले, सुई ओवली आणि पहिली ओळ विणून हात उचलला. शालीवर तिच्या अंगठ्याएवढा तेलकट ठसा होता. भेगांत मुरलेलं तेल हळूहळू बाहेर आलं होतं. रफूवाल्या बाईनं रेशमाला तेलाचा हात लावावा! तिला स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली.

शाल घडी करून कपड्यांच्या ढिगाच्या तळाशी सरकवता आली असती. एक क्षण तसं मनात आलंही. पण ती उठली आणि मालकीणबाईंसमोर जाऊन उभी राहिली.

"चिंधी सरकली ते तेलामुळं. बोटं बरी नाहीत माझी. मी फसवलं तुम्हाला."

मालकीणबाईंनी टाल्कम पावडरचा डबा पुढं केला. भिंगरीनं डागावर पावडर दाबली. आता ती तेल शोषेपर्यंत शालीला हात लावायचा नव्हता.

"डाग गेला तर शालीचं काम तुमचंच. पण बोटं खरोखर बरी झाल्यावर. तोवर बटणं," मालकीणबाई म्हणाल्या आणि निळी चिंधी काढून त्यांनी तिथं फिकट रंगाची टांगली.

त्या संध्याकाळी भिंगरीनं हात धुतले, तेल चोळलं आणि नवऱ्यापुढं पंजे धरले. "अहो, हातमोजे घाला. आणि मी उठले तर खांद्याला धरून खाली बसवा."

त्यानं पेपर ठेवला. तिला हातमोजे चढवले, कप तिच्या तोंडाशी धरून चहा पाजला, नाकाला खाज आली तर खाजवलं. "तिकीट लागेल हं याला," म्हणाला. ती हसली, पण पाय जमिनीवर आपटतच होते.

"एवढं काय गं होतं तुला बसलं की?"

ती एकदम बोलली. "आई आमची माझ्यासारखीच होती. एक दिवस म्हणाली, दमले, जरा बसते. ती बसली ती बसलीच. पुन्हा त्या खुर्चीतून आपल्या पायांनी उठली नाही. मला भीती वाटते हो."

इतक्या वर्षांच्या संसारात हे त्याला ठाऊक नव्हतं. त्यानं तिचे हातमोज्यातले हात आपल्या मांडीवर घेतले.

"मी तर जन्मभर बसलोय. मेलो का?"

"तुमचं वेगळं आहे."

"वेगळं एवढंच, की शेजारची खुर्ची रिकामी असायची."

भिंगरीचे पाय थांबले. ती उठली नाही.

थंडी ओसरता ओसरता एका सकाळी तिनं कोरडी बोटं फिकट चिंधीवरून ओढली. आवाज आला नाही. मालकीणबाईंनी चिंधी उजेडात धरून पाहिली आणि कपाटातून शाल काढली. डाग गेला होता. भिंगरीनं भोक असं भरलं की पुढं तिलाच ते चटकन सापडेना.

संध्याकाळी ती घरी आली, हात धुतले आणि नवऱ्याशेजारच्या खुर्चीत बसून पंजे पुढं केले.

"बरी झाली ना बोटं?" तो म्हणाला.

"झाली."

"मग आता हातमोजे कशाला?"

"घाला म्हटलं ना," भिंगरी म्हणाली.